प्रोजेक्टरखालचं पुस्तक

मित्रांनो, आधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो, मग बाकीचं. मी मेलेलो नाही! माझ्या मयतीची बातमी तुम्ही कुठे ऐकली असेल, तर ती साफ खोटी आहे. ती बातमी जाहीर झाली तेव्हा मी स्वतः तिथे हजर होतो, आणि तेही प्रोजेक्टरखाली दबून.

मी भारतीय दंड संहितेचं एक जुनं पुस्तक आहे. कुणी कुणाला मारलं, लुटलं, फसवलं, तर त्याला काय शिक्षा, हे माझ्या पोटात लिहिलेलं आहे. साडेसातशे पानं, लाल कापडाची पाठ. कोपरे कसरीने खाल्लेत, पण अक्षर एक हललेलं नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या सर्जेराव साहेबांनी मला विकत घेतलं. साहेब सरकारी वकील होते. गुन्हा झाला की ज्याचं नुकसान झालं त्याच्या बाजूने सरकारतर्फे कोर्टात उभा राहतो, तो सरकारी वकील. साहेब तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. त्यांचा एक नेम होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी गंगापूर, पैठण, वैजापूरकडचे सरकारी वकील त्यांच्या ऑफिसात जमायचे. दार लावून घ्यायचं आणि प्रत्येकाने त्या महिन्यात कोर्टात केलेली आपली एक चूक उभं राहून सांगायची. चूक सांगितल्याशिवाय चहा नाही.

"जिंकल्याचं घरी जाऊन सांगा," साहेब म्हणायचे, "इथं फक्त माती खाल्ल्याचं बोला."

मग ती चूक साहेब माझ्या समासात पेन्सिलीने लिहायचे. खाली नाव आणि तारीख. खरं सांगू? सुरुवातीला मला फार राग यायचा. नवं कोरं अंग आणि त्यावर ह्यांच्या भानगडी! पण हळूहळू मला कळलं. माझी छापील अक्षरं तर दुकानातल्या कुठल्याही प्रतीत मिळतील. ह्या चुका मात्र फक्त माझ्याकडे होत्या. पहिल्या कोऱ्या पानावर साहेबांनी स्वतःची चूक लिहिली होती, आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

साहेब निवृत्त झाले. मला ऑफिसच्या कपाटात ठेवून गेले. शनिवार बंद पडला, आणि त्याच्या जागी रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. मोठा हॉल, प्रोजेक्टर, बिस्किटं, प्रमाणपत्र, शेवटी ग्रुप फोटो. निम्मे वकील हजेरीवर सही ठोकून जे चहाला जायचे, ते थेट फोटोलाच उगवायचे. चूक सांगायची सोय तिथे नव्हती. कपाटात मी धूळ खात पडलो.

मग एक जुलै दोन हजार चोवीस उजाडला आणि नवा कायदा लागू झाला. माझी त्याला हरकत नाही. काळ बदलला की कायदा बदलायचाच. पण म्हणून माझी ही गत करायची?

नव्या कायद्याच्या तिसऱ्या प्रशिक्षणाच्या दिवशी प्रोजेक्टरचं चित्र पडद्याच्या खालीच पडत होतं. सांडू शिपायाने कपाट उघडलं, मला ओढलं आणि प्रोजेक्टरखाली सारलं.

"बरोब्बर बसलं बघा," तो म्हणाला. "लई जाड हाय. कामाला आलं एकदाचं."

शिकवायला राजकुमार सर होते. पहिल्याच वाक्याला ते म्हणाले, "जुना कायदा आता संपला. डोक्यातून काढून टाका." हे माझ्यादेखत! आणि वर तापलेला प्रोजेक्टर माझ्या पाठीवर! मग सरांनी पहिल्या प्रशिक्षणात दिलेला तक्ता पुन्हा वाटला. डावीकडे जुन्या कलमांचे आकडे, उजवीकडे नव्यांचे. "डावीकडचं खोडा, उजवीकडचं लिहा. विषय संपला." सगळ्यांनी तक्ता जपून फायलीत ठेवला.

त्या हॉलमध्ये मन लावून ऐकणारी एकच होती, करुणा. करमाडची पोरगी, गंगापूरच्या कोर्टात सरकारी वकील. चहाच्या सुट्टीतही ती जागेवर बसून सोमवारच्या खटल्याचा कागद करत होती. आरोपीवर नेमका कोणता आरोप ठेवायचा, त्याचा तो मसुदा होता. इतक्यात करुणाला शोधत दारात एक बाई आली. उजवा हात कोपराखाली वाकडा.

"जय भीम, बाई. सोमवारी नक्की हाय ना?"

"जय भीम, मावशी. या, बसा."

ही गोजरबाई, लासूर स्टेशनची. दोन हजार तेवीसच्या मार्च महिन्यात ती बाजार समितीत कांदा निवडत होती. शिवराज नावाच्या माणसाने बायकांच्या रांगेवर ट्रॅक्टर मागे घेतला. "डोळे फुटले का रे?" म्हणून गोजरबाई ओरडली. त्याने खाली उतरून लोखंडी पहार हाणली आणि तिचा हात मोडला. तेव्हापासून नुसत्या तारखा पडत होत्या.

"सून म्हणती, मिटवून टाका. गावातले बी मागं लागले," गोजरबाई म्हणाली. "आता लई झालं, बाई. सोमवारी पुन्हा तारीख पडली तर मी मिटवायच्या कागदावर आंगठा देऊन मोकळी व्हते."

"नाही पडणार. हे बघा, आरोप तयार आहे. कलम एकशे अठरा."

"एकशे अठरा? माझं तर तीनशे सव्वीस हाय. पोलीस पहिल्या दिवसापासून तेच सांगत्यात."

"कायदा बदलला, मावशी. आता नवा आकडा."

"बदलू द्या की. पर माझा हात तर त्याच्या आधीच मोडला व्हता ना?"

करुणाचं पेन थांबलं. मी प्रोजेक्टरखालून जीव तोडून ओरडत होतो, अगं पोरी, ऐक तिचं! पण पुस्तकाला आवाज कुठला? करुणाने तक्ता उलटसुलट केला. त्यावर आकडे होते, तारीख कुठेच नव्हती. तोवर मंडळी परत येऊन बसली होती आणि सर बोलायला लागले होते. करुणाची नजर फिरत फिरत माझ्या लाल पाठीवर आली. ती उठली आणि तिने मला सरळ खेचून काढलं. चित्र पडद्यावरून घसरून सरांच्या बुटांवर पडलं.

"अहो मॅडम! हे काय चाललंय?"

"दोन मिनिटं, सर."

जुनं कलम बघायला तिने मला उघडलं, तर पहिल्याच पानावर पेन्सिलीच्या ओळी दिसल्या. त्या तिने मोठ्याने वाचल्या. "माझी चूक. घटना दोन हजार बाराची. तेराला कायदा बदलला, शिक्षा वाढली. मी वाढीव शिक्षा मागितली. न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारलं, जो कायदा तेव्हा नव्हताच, तो ह्या माणसाने मोडला कसा? मागणी फेटाळली. आधी तारीख बघ, मग कलम बघ. सर्जेराव."

मग करुणा सरांकडे वळली.

"सर, नव्या कायद्याचं शेवटचं कलम आपण कधी शिकलो?"

"ते वेळेअभावी राहिलं," सर म्हणाले. "त्यात विशेष काही नाही. जुना कायदा रद्द, एवढंच."

"एवढंच नाही, सर." तिने नवं पुस्तक उघडलं आणि शेवटचं कलम वाचून दाखवलं. कायदा बदलण्याआधी जो गुन्हा घडला, त्याला जुनाच कायदा लागू राहील. म्हणजे मीच! मागच्या रांगेत भराभर फायली उघडल्या. "आयला, माझे तर तीन मसुदे गेले," कुणीतरी पुटपुटलं. सगळ्यांनी तेच केलं होतं. डावीकडचं खोडून उजवीकडचं लिहिलं होतं.

राजकुमार सर खुर्चीत बसले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "तक्त्यावर तारीख टाकायला हवी होती." त्या क्षणी मला हा माणूस आवडला. सांडूने प्रोजेक्टरखाली दोन विटा ठेवल्या. वीट ही वीटच, तिला तिथेच शोभा.

सोमवारी मी करुणाच्या पिशवीतून गंगापूरच्या कोर्टात गेलो. किती वर्षांनी! शिवराजचा वकील हातात अर्ज घेऊन तयारच होता. करुणाच्या टेबलावरचा तक्ता त्याने मागच्या तारखेला बघून ठेवला होता.

"सरकार पक्षाने आरोप चुकीच्या कायद्याखाली लावलाय. आम्हाला पुढची तारीख मिळावी."

"वकीलसाहेब, मसुदा वाचलात का?" करुणा म्हणाली आणि मला टेबलावर दणकन ठेवलं. त्याने मसुदा वाचला. तीनशे सव्वीस. त्याने अर्जाची घडी घातली आणि गुपचूप खिशात टाकली. पुढची तारीख मिळाली नाही. आरोप वाचला गेला, शिवराजने गुन्हा नाकबूल केला, आणि त्याच आठवड्यात गोजरबाईची साक्ष झाली. वाकडा हात वर करून तिने बोट दाखवलं, "ह्यो त्यो." निकाल अजून यायचाय. पण आंगठा तिने दिला नाही.

परत येताना एसटीत करुणाने पेन्सिल काढली आणि तीनशे सव्वीसच्या समासात लिहिलं. "माझी चूक. तक्ता पाहिला, तारीख पाहिली नाही. गोजरबाईंनी दाखवली." खाली नाव. गाडी हादरत होती म्हणून अक्षर वाकडं आलंय, पण मला ते फार आवडतं. आता पहिला शनिवार पुन्हा सुरू झालाय, आणि चूक सांगितल्याशिवाय चहा नाही.

तेव्हा मित्रांनो, रद्दीवाल्याला माझं वजन विचारू नका. एक जुलैच्या आधी मोडलेला एक जरी हात कोर्टाच्या दारात उभा असेल, तरी मी इथून हलणार नाही. मला कुणी टेकू म्हणून वापरलं, तर पुन्हा बाहेर निघेन. तुम्ही मला जपा, आणि माझ्यापेक्षा जास्त समासातल्या त्या पेन्सिलीच्या ओळी जपा. तुमच्या हातून चूक झाली तर झाकू नका. उभं राहून सांगा, लिहून ठेवा आणि खाली आपलं नाव घाला. माझ्या समासात अजून जागा आहे.