बोटभर अंतर

मी पृथ्वीचा गोल बोलतोय. पुठ्ठ्याचा आहे, आतून पोकळ. विषुववृत्तावर जोड होता, तो आता उसवलाय.

सदाशिवरावांनी मला नागपूरहून यवतमाळला आणलं, मुलासाठी, क्षितिजसाठी. माझ्यावर यवतमाळ छापलेलंच नव्हतं. त्यांनी बॉलपेननं ठिपका दिला, नागपूरपेक्षा जरा मोठाच. त्यांची उभी नोकरी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, कळंब ते ढाणकी अशा बदल्यांत गेली. संध्याकाळी ते मला एका बोटानं फिरवत. जग तेवढंच त्यांचं ऐकायचं.

क्षितिज शिकला, राजूरच्या कोळसा खाणीत लागला आणि तिथून थेट कॅनडाच्या उत्तर टोकाला, बर्फातल्या खाणीवर गेला. तिकडे रस्ते नाहीत. एका एकाकी विमानतळावरून दुसऱ्या तसल्याच विमानतळावर लहान विमानानं जायचं. निघताना तो घरी फोन करी.

तो फोन आला की त्याची आई, सुनीतीबाई, केरसुणीला हात लावत नसत. घरचं माणूस प्रवासात असलं, तर ते पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही, हा त्यांचा नेम.

"इथल्या केरानं तिथलं विमान अडतं का?" सदाशिवराव विचारत.

"अडत नसेल. मी काढणार नाही."

त्या साली कापसाला कोणी विचारेना. महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी सकाळीच क्षितिजचा फोन आला, निघतोय म्हणून. दुपारी तांड्यावरची बिजलीबाई वातींसाठी कापूस घेऊन आली.

"घ्या काकू. मागच्या सालचा हाय, घरातच पडून राह्यला. देव तरी भाव नाही पाडत." मग तिनं घर पाहिलं. "अन् केर काहून नाही काढला? लक्ष्म्या का कचऱ्यात बसवता?"

"क्षितिज विमानात आहे गं."

सदाशिवरावांनी चिमूटभर कापूस घेतला, तळहातावर वळून त्याचं सूत केलं आणि माझ्यावर लावलं, एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंत.

"हे बघ, बोटभर. नागपूर-मुंबईएवढं. केव्हाच पोचला असेल. काढ केर."

माझ्यावर समुद्र आहेत, वाळवंटं आहेत. धुकं छापलेलं नाही. पण गोलाला कोण विचारतो?

सुनीतीबाईंनी केर काढला, रांगोळी घातली. संध्याकाळी लक्ष्म्या उंबरठ्यावर असतानाच फोन वाजला.

"बघा, पोचला," त्या हसून म्हणाल्या.

फोन इंग्रजीत होता. सदाशिवराव नुसते "यस, यस" म्हणत राहिले. विमान पोचलंच नव्हतं. त्या बोटभर अंतरात कुठेतरी पडलं होतं.

पुढे सुनीतीबाईंनी त्यांना कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाल्या, "तुम्ही नुसतं सांगितलंत. केरसुणी माझ्या हातात होती."

त्यानंतर सदाशिवरावांनी मला फिरवलं नाही. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर आहे. ते सूत अजून मला चिकटून आहे, काळं पडलेलं. सुनीतीबाई रोज घर झाडतात, लख्ख. माझ्या कोपऱ्याशी आल्या की मात्र केरसुणी उचलून घेतात.

तुम्ही कधी या घरी आलात, तर माझ्यावरची धूळ पुसू नका. त्यांच्या लेखी तो अजून वाटेत आहे.