पांढरवाडीपर्यंत जाणारा आवाज

मी डिझेलचं इंजिन बोलतोय, आणि हळू बोलतोय. ज्यांनी मला चालू असताना ऐकलंय त्यांना हे खरं वाटायचं नाही. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मी सुरू झालो की हमाल एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायचे, एवढा माझा आवाज. आज मी नांदेडच्या भंगारबाजारात एका लिंबाखाली पडून आहे. शेजारच्या टपरीवर ड्रायव्हर लोक चहाला बसतात आणि त्यांचा एक वाद काही केल्या मिटत नाही. इंजिन आवाजाचं असावं की बिनआवाजाचं? एक म्हणतो, आवाज नाही ती गाडी कसली, ते शिलाई मशीन. दुसरा म्हणतो, आवाज म्हणजे कानाला फुकटचा ताप. त्यांना वाटतं, हा हौसेचा प्रश्न आहे. मलाही एकेकाळी तसंच वाटायचं.

लांब पूर्वेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे माझ्यासारखी शेकड्यांनी होती, त्यामुळे माझं कौतुक कुणी केलं नाही. कौतुक झालं ते उदगीरला. गुरुबसप्पा नावाच्या डाळीच्या व्यापाऱ्यांनी आमचा ट्रक घेतला, बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली, नारळ फोडला आणि किल्ली मल्लिकार्जुनच्या हातात दिली. मल्लिकार्जुन निलंग्याकडचा. वय फार नव्हतं, पण सगळे त्याला अप्पा म्हणत.

मालक आणि अप्पा, दोघंही महादेवाचे भक्त. सोमवार दोघंही पाळायचे. माझ्या आवाजावरून मात्र दोघांचं कधी पटलं नाही.

"आवाज म्हंजे डिझेल वाया जायलंय, मल्लिकार्जुन," मालक म्हणायचे.

"मालक, घाटात गाडी दिसायच्या आदी ऐकू आली पायजे," अप्पा म्हणायचा.

मालकांच्या तोंडावर मान डोलवून अप्पाने काय केलं, तर अहमदपूरच्या बाहेर एका वेल्डिंगवाल्याकडून सायलेन्सरच्या पोटातल्या जाळ्या काढून घेतल्या. वरून सायलेन्सर जागेवर, आतून पोकळ. त्या काळी निम्मे ड्रायव्हर हेच करायचे. माझा आवाज मोकळा झाला आणि मी तूर-हरभऱ्याची पोती घेऊन मुदखेडच्या रेल्वेपर्यंत गरजत जाऊ लागलो. खोटं कशाला बोलू, मला माझाच आवाज फार आवडायचा.

मग पाऊस रुसला. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवी ऑफिसं, नव्या जीपगाड्या, रंग न वाळलेल्या पाट्या, सगळं नवं होतं, फक्त पाणी नव्हतं. तूरच पिकली नाही तर ती वाहणार कोण? गुरुबसप्पांनी ट्रकवर लोखंडी टाकी चढवली आणि आम्हाला सरकारी टँकरच्या कामाला लावलं. लातूरला पाणी भरायचं आणि शिरूर अनंतपाळच्या बाजूला माळावरच्या पांढरवाडीत नेऊन ओतायचं.

तिथे पाणी घागरीत देत नसत, भांडणं व्हायची म्हणून. सगळं पाणी गावच्या विहिरीत सोडायचं आणि मग ज्याने त्याने शेंदून घ्यायचं. विहीर गावाच्या मध्यावर होती. ओढ्यापलीकडे, बरीच लांब, बौद्ध मंडळींची वस्ती होती. त्यांचा आड केव्हाच आटला होता. त्यांनीही गावच्या विहिरीवर भरायचं, हे तहसीलदारांनी चावडीवर सगळ्यांसमोर ठरवून दिलं होतं. ते कुणाकुणाच्या घशाखाली उतरलं नव्हतं, पण उघड कोणी बोलत नव्हतं.

आणि इथे माझ्या आवाजाचं काम होतं. आम्ही माळाच्या खिंडीत आलो की माझा आवाज गावात आणि वस्तीत एकदमच पोचायचा. मी उतार उतरून विहिरीपाशी येईतो वस्तीतल्या बायका ओढा ओलांडून आलेल्या असायच्या. कुणी आधी नाही, कुणी मागे नाही.

त्या बायकांत पुढे असायची कोंडाबाई. उंच, काटक आणि जिभेची तिखट. अप्पाला ती म्हणायची, "तुमचं इंजन लई शिव्या देतंय बगा. पर सगळ्याला सारख्याच देतंय." अप्पा हसायचा. मीही आतल्या आत फुगायचो.

टँकर नसायचा तेव्हा बायका विहिरीत उतरायच्या. तळाला एक झरा होता, बोटभर. कपारीतल्या दगडांवर पाय ठेवत खाली जायचं आणि वाटीवाटीने घागर भरायची. खिंडीत मी गरजलो की त्या भराभर वर यायच्या, कारण मागोमाग पाणी सुटणार हे ठरलेलं. अप्पा कधी विहिरीत वाकून बघायचा नाही. गरजच पडली नव्हती. मी आलोय हे तळालाही कळायचं.

लातूरला जिथे पाणी भरायचो त्याच्या मागेच साहेब लोकांच्या नव्या वसाहती उठल्या होत्या. आमच्या रांगेचा आवाज पहाटेपासून त्यांच्या खिडक्यांत घुसायचा. तक्रार झाली आणि हुकूम निघाला. सायलेन्सर धड नसेल त्या टँकरला पाणी मिळणार नाही. हुकमात वावगं काही नव्हतं. तिथेही तान्ही लेकरं होतीच की. गुरुबसप्पांना तर आनंदच झाला. त्यांनी कोरा सायलेन्सर आणून स्वतः उभं राहून बसवून घेतला.

तोंडात बोळा कोंबल्यासारखं मला झालं. अप्पा पहिल्या खेपेला रागाने गिअर आपटत राहिला. पण दुसऱ्या खेपेला माळावर टिटवी ओरडली आणि ती त्याला ऐकू आली. "अरे," तो स्वतःशीच म्हणाला, "कान हलकं झालं की." नंतर तो गुणगुणायलाही लागला. मलाही ते बरं वाटायला लागलं होतं.

पांढरवाडीत मात्र आम्ही कधी आलो ते वस्तीला कळेना. विहिरीजवळची घरं आधी भरून घ्यायची. वस्तीतल्या बायका धापा टाकत यायच्या तेव्हा तळाला गाळ उरलेला असायचा. अप्पाने खिंडीत हॉर्न मारून पाहिला. पण वरच्या डांबरी रस्त्यावरून जाणारी प्रत्येक एसटी हॉर्न मारायची, त्यात आमचा कुणी ओळखावा?

"अप्पा, तुमी आता चोरावानी यायलाव," कोंडाबाई म्हणाली. ती हसली नाही. "जाऊ द्या. उद्यापून मीच आदी येऊन बसते."

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. सोबत तिची लेक चांगुणा होती. गावातली माणसं रोजगार हमीच्या खडीवर गेली होती, विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. रिकामं कशाला बसायचं म्हणून कोंडाबाई घागर घेऊन झऱ्याला उतरली. चांगुणा उंचवट्यावर उभी राहून खिंडीकडे बघत होती. टँकर उतारावर दिसताच ती वस्तीतल्या बायकांना सांगायला पळाली. मायला सांगायला ती थांबली नाही. टँकर आला की माय वर येते, एवढंच तिला ठाऊक होतं. जन्मापासून नाही, पण दुष्काळ लागल्यापासून ते तसंच चाललं होतं.

अप्पाने गाडी मागे घेतली. जाड रबरी पाइप विहिरीत सोडला आणि कॉक फिरवला. मी चालूच होतो. माझा सेल्फ कच्चा होता, एकदा बंद केलं तर धक्का मारावा लागायचा, म्हणून मला बंद करत नसत. पाणी खाली कोसळायला लागलं.

आणि मी मुका होतो म्हणून तो आवाज वर आला.

"थांबा अप्पा, घागर हाय खाली."

एवढंच. ओरडणं नव्हतं ते, नेहमीचं बोलणं होतं. आपण खाली आहोत हे अप्पाला माहीत आहे, असं धरून ती बोलली. अप्पाने झेप घेऊन कॉक धरला. पण तो गंजलेला, हळूहळू फिरणारा. तो बंद होईपर्यंत पाण्याने जुन्या बांधणीतले दगड सुटून तिच्यावर कोसळले होते.

आवाज असता तर ती आधीच वर आली असती. आवाज असता तर तिची हाक कुणालाच ऐकू आली नसती. टपरीवरच्या त्या दोघांना मी यातलं काय सांगू?

खडीवरची माणसं धावत आली. वस्तीतली आली. त्या दिवशी विहिरीत कोण उतरलं आणि कुणी कुणाला हात दिला, यात कुणी जात पाहिली नाही. कोंडाबाईला वर काढली तेव्हा श्वास होता. तिला माझ्या केबिनमध्येच निजवली, डोकं चांगुणाच्या मांडीवर, आणि लातूरच्या दवाखान्याकडे निघालो. टाकी अजून निम्मी भरलेली, गाडी जड, मी चढाला रेटत होतो पण वेग येईना. चांगुणा म्हणाली, "सोडा ते पानी." अप्पाने गाडी थांबवली, खाली उतरला आणि कॉक उघडून दिला. ऐन दुष्काळात डांबरी रस्त्यावरून पाणी वाहत गेलं. कडेच्या शेतांतून माणसं भांडी घेऊन धावत आली आणि आमच्याकडे बघून जागीच उभी राहिली. मी जिवाच्या आकांताने पळालो. नळेगावच्या पुढे चांगुणाने मायचे डोळे मिटले आणि अप्पाच्या खांद्याला हात लावला. "हळू घ्या आता," ती म्हणाली.

पंचनाम्यात अपघात लिहिला गेला. वस्तीत जाऊन अप्पा कोंडाबाईच्या दारात उभा राहिला. चांगुणाच बोलली. "आवाज आला असता तर माय वर आली असती. मी तरी कुटं वाकून सांगितलं? तुमी आवाज परत आना, अप्पा."

त्यानंतर अप्पाने एक रीत पाडली. लातुरात पाणी भरताना सायलेन्सर लावलेला. शहर मागे पडलं की गाडी बाजूला घेऊन तो बोल्ट सोडायचा आणि तापलेला सायलेन्सर गोणपाटात धरून उतरवायचा. हात पोळायचे, फोड यायचे. मग मी खिंडीत गरजत शिरायचो आणि गाव-वस्ती एकदम निघायची. विहिरीच्या काठाला मात्र तो मला साफ बंद करायचा. सेल्फ कच्चा असला तरी. सगळं शांत झालं की विहिरीत वाकून विचारायचा, "खाली कोन हाय का?"

उत्तर द्यायचं ते चांगुणाने. ती काठाशी गुडघे टेकून आत बघायची, बघतच राहायची आणि मग म्हणायची, "कोन न्हाई. सोडा."

त्याच्या प्रश्नाला आणि तिच्या उत्तराला मध्ये थोडी जागा असायची. त्या जागेत मला दर वेळी ऐकू यायचं, थांबा अप्पा. अप्पालाही येत असावं, कारण तिने सोडा म्हटल्यावरही तो एकदा स्वतः वाकून बघायचा आणि मगच कॉक फिरवायचा. पाणी ओतून झालं की गावच्या आणि वस्तीच्या बायका मिळून मला धक्का मारायच्या, आणि मी सुरू व्हायचो.

पुढे एका साली चांगला पाऊस झाला. टँकर बंद झाले. टाकी उतरवायला आम्ही उदगीरला निघालो होतो, पण अप्पाने गाडी पांढरवाडीला वळवली. विहीर वरपर्यंत भरली होती, वाकलं तर हात भिजला असता. अप्पाने मला बंद केलं आणि विचारलं, "खाली कोन हाय का?"

काठावर कोणी नव्हतं. बायका खुरपायला गेल्या होत्या. उत्तर आलं नाही, आणि उत्तर आल्याशिवाय अप्पाला तिथून हलता येईना. तो काठावरच बसून राहिला. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या. मग रानातून परतणारी चांगुणा गाडी बघून आली. त्याच्याजवळ उभं राहून तिने विहिरीत पाहिलं.

"कोन न्हाई, अप्पा," ती म्हणाली. "जावा आता घरला."

तेव्हा तो उठला. पुढे गुरुबसप्पांनी ट्रक विकला, मग तो आणखी दोघांनी विकला, आणि शेवटी मला खोलून इथे टाकलं. अप्पा कुठे आहे, ठाऊक नाही. गाडी हाकणाऱ्यांनो, माणसांच्या दिशेने येताना आवाज करा, आणि त्यांच्या डोक्यावर काही ओतण्याआधी बंद करून ऐका. माझ्याकडे एवढंच आहे सांगायला.

अप्पाला चांगुणाने मोकळं केलं. मला कुणी केलं नाही. आता मी कायमचा बंद आहे, त्यामुळे इथे सारखी शांतताच असते, आणि तिच्यात ती बाई अजून मला थांबायला सांगते. कधी या लिंबाखालून गेलात तर क्षणभर वाका आणि मला एवढं म्हणा, की खाली कोणी नाही.