नवा शेवट

प्रकाशनाच्या कचेरीत सगळे त्यांना कात्रीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण बाईंना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. तिथं कोवळ्या वयातल्या प्रेमाच्या कादंबऱ्या निघत. प्रत्येक हस्तलिखित आधी बाईंच्या टेबलावर यायचं, आणि बहुतेकांचा निकाल तिथंच लागायचा.

मागे एक नवा लेखक आला होता. तिशीचा, नीटनेटका, गोड बोलणारा. बाईंनी त्याची बिनपाण्यानं केली.

"अहो, तो रागीट मुलगा, ती अबोल मुलगी, ते गच्चीवर भेटणं... हे मी झोपेतही म्हणून दाखवीन. यात तुमचं स्वतःचं काय आहे?"

"निदान शेवट?"

"शेवटाचं तर बोलूच नका! पोरगी पळून जाते आणि संध्याकाळी शहाण्यासारखी घरी येते. सगळ्याच येतात." बाईंनी शेवटच्या पानावर लाल पेनानं लिहूनही टाकलं : परत का येते?

नेमकी तेव्हाच बाईंची लेक दारात आली. सतरा वर्षांची. घरात मायलेकी दोघीच, आणि पोरगी किल्ली विसरलेली. बाईंना वाटलं, आपल्याला काय झकास सुचलंय.

"हिच्याशी बोला जरा. या वयाच्या मुली खऱ्या कशा असतात, ते तरी कळेल."

लेक लाजली. लेखकानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. तेवढ्यात बाईंना फोन आला आणि त्या दोघांना विसरूनच गेल्या.

आज, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच कादंबरीचा नवा खर्डा टेबलावर आला. बाई नाक मुरडतच वाचायला बसल्या, आणि रंगल्या. ही नायिका जिन्यात एकटी बसून डबा खात होती आणि घरी सांगत होती, मैत्रिणींबरोबर खाल्ला. रस्त्यानं चालताना मनातल्या मनात आईशी बोलत होती, कारण घरी आईला वेळ नसायचा. बाई समासात लिहीत गेल्या : ताजं. सुंदर. हे कुठंच वाचलं नव्हतं.

"आज कात्रीची धार गेली की काय?" जाता जाता मालकांनी चिडवलं.

"माणूस सुधारतो हो कधीकधी," बाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.

नायिका झोपताना फक्त डाव्या पायात मोजा घालायची. लहानपणी आईनं धुताना उजवा हरवला, तेव्हा रुसून लागलेली सवय.

बाईंचं पेन थांबलं. तो मोजा त्यांनीच हरवला होता.

त्या भराभरा मागे गेल्या. जिना. डबा. मनातल्या मनात आईशी बोलणं. 'आज सगळ्यांनी मिळून खाल्लं,' असं लेक रोज सांगायची आणि बाई मान डोलवायच्या. जे जे त्यांना नवं वाटलं होतं, ते सगळं त्यांच्याच घरातलं होतं. त्यांना इतकी लाज वाटली की क्षणभर भीतीही सुचली नाही. मग नायकाचं वाक्य दिसलं : 'तुझ्या आईला काय कळतंय? मी ऐकतो ना तुझं.' हे वाक्य त्यानं नुसतं लिहिलेलं नव्हतं. ते तो लेकीला खरंच म्हणाला होता.

शेवटच्या प्रकरणात गुरुवारची दुपार होती. नायिका मोबाइल फ्रिजवर ठेवून निघते, म्हणजे तो वाजत राहील आणि आईला वाटेल, पोरगी अंघोळीला गेलीय. पोहण्याच्या तलावामागे गाडी उभी असते.

बाईंनी लेकीला फोन लावला. वाजत राहिला. लेखकाचा बंद होता.

"पोलिसांना फोन करा! पोहण्याच्या तलावाकडे पाठवा!" एवढंच मालकांना ओरडून सांगत त्या हातातल्या पानासकट रिक्षानं घराकडे निघाल्या. वाटेत त्यांनी देवाला, दैवाला आणि स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. फोन पुन्हा पुन्हा लावत होत्याच.

दार उघडताना स्वयंपाकघरातून लेकीच्या मोबाइलची रिंग ऐकू आली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"अगं, उचलत का नाहीस?"

मोबाइल फ्रिजवर होता. मोरीचं दार सताड उघडं, फरशी कोरडी. पलंगाच्या उशापाशी एक मोजा नीट घडी करून ठेवलेला.

बाई खाली बसल्या. हातातलं पान चुरगळलं होतं. त्याच्या तळाशी त्यांचा जुना लाल प्रश्न कापून चिकटवला होता : परत का येते?

खाली लेखकाच्या सुबक अक्षरात उत्तर होतं.

'तुमचं बरोबर होतं, बाई. आता येत नाही.'