अर्जदाराचे नाव

निळ्या मण्याची टाचणी... मण्याखाली गंज धरलेला, कागदावर तांबूस डाग उमटलेला, पण मणी मात्र तसाच. घरात स्टेपलर नव्हता म्हणून शिलाईच्या डब्यातून काढून लावलेली. दैवशालाने आधी टाचणी ओळखली, मग कागद, आणि अक्षर ओळखायला तर तिला जरा वेळच लागला, कारण आपलंच अक्षर सरकारने आपल्याला टपालाने पाठवावं अशी सवय कुणाला असते? खाली तिचं पूर्ण नाव, नवीन जालन्यातला पत्ता, मोबाइल नंबर. स्वच्छ, सुवाच्य. शाळेत तिला सुंदर अक्षरासाठी बक्षीस मिळालं होतं, त्याचा हा उपयोग.

सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. हिच्या अर्जाला नऊ लागले, बाळंतपणाला लागतात तेवढे. मुंबईहून विभागाला, विभागातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याच्या या पाणीपुरवठा कार्यालयात, म्हणजे जिच्या हातून तो निघाला तिच्याच टेबलावर, बावीस वर्षं जिथे बसून ती आलेला प्रत्येक कागद आवक रजिस्टरात चढवत होती त्याच टेबलावर. वरच्या पत्रावर ‘गोपनीय’ असा लाल शिक्का होता. पाकिटावर मारायचा राहून गेला होता, म्हणून तर तिने ते बाकीच्या टपालाबरोबर फोडलं, नाहीतर बंदच साहेबांसमोर गेलं असतं. पत्र साहेबांच्याच नावे होतं — आपल्या स्तरावर चौकशी करून अहवाल सादर करावा, अर्जदाराचे नाव गोपनीय ठेवावे. आणि सोबत मूळ अर्ज जोडला होता. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच चौकशी, आणि ज्याच्यापासून नाव लपवायचं त्यालाच ते कळवून लपवायचं... तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ती फक्त दमली, जिना चढून आल्यासारखी, बसल्या जागी.

जिना. जिन्याखालची ती खोली... जुन्या फायली ठेवायला गेल्या पावसाळ्यात ती तिथे वाकून शिरली आणि बाटल्या दिसल्या. गावोगावच्या विहिरींच्या पाण्याच्या, झाकणं सीलबंद, चिठ्ठ्यांवर गावांची नावं. आणि त्याच गावांचे ‘पाणी पिण्यास योग्य’ असे अहवाल तिने आठवड्यापूर्वी स्वतःच्या हाताने रजिस्टरात चढवले होते. पाणी प्रयोगशाळेत गेलंच नव्हतं. एका बाटलीवर ज्या वस्तीचं नाव होतं तिथे तेव्हा घरोघरी कावीळ होती. अण्णासाहेब, म्हणजे हेच साहेब, इथले उपअभियंता, तसे वाईट नाहीत, हीच तर पंचाईत. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा न मागता त्यांनी पंधरा दिवसांची रजा दिली होती. वाईट माणसाविरुद्ध लिहिणं सोपं असेल बहुधा, तिला कधी करून बघायला मिळालं नाही. तीन रात्री झोप लागली नाही, चौथ्या दिवशी तिने अर्ज लिहिला.

दिवाळीनंतर वरून कुणाचा तरी फोन आला. बाटल्यांची तक्रार तुमच्याच कार्यालयातून आहे, एवढंच. नाव सांगितलं नाही, आणि सगळ्यांनी पुंजारामकडे पाहिलं, कारण जिन्याखालच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे. म्हातारा शिपाई, साहेबांच्या दाराशी तीस वर्षं स्टूल टाकून बसलेला. ते स्टूल गेलं. आता तो उन्हातान्हात टपाल आणतो आणि टाकीवर राखणीला जातो. मेअखेर निवृत्ती, आणि सेवापुस्तकावर साहेबांची सही होत नाही. सही नाही तर पेन्शनचे कागद पुढे जात नाहीत. दैवशाला रोज हे बघत होती. रोज डबा उघडताना ठरवायची, आज सांगू... आणि डबा संपायचा. घरी नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

आजचं पाकीटही पुंजारामनेच आणून दिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने गच्चीवर जाऊन साधनाला फोन केला. साधना जालन्यातली वकील. अशा तक्रारी करणाऱ्यांना संरक्षण मिळावं म्हणून सह्या गोळा करत, निवेदनं देत फिरणारी. नाव घालून लिहा, निनावी अर्ज कुणी वाचत नाही, असं तिनेच एका सभेत सांगितलं होतं. कायदा संसदेत होऊन दहा वर्षं उलटली ताई, पण लागूच केला नाही, असं ती आता पुन्हा सांगू लागली, दैवशालाने विचारलं नसतानाही. मग हळू आवाजात म्हणाली, ‘‘दैवशालाताई, तुमचं हे प्रकरण लोकांपुढे आलं ना, तर आम्हाला दुसरा पुरावाच लागणार नाही. पण मी आग्रह करणार नाही. फोटो काढून ठेवा आणि नोंद तेवढी करा. नोंद झाली की कागद गायब करता येत नाही.’’ चांगली मुलगी. नोंद झालेले किती कागद गायब झाले हे दैवशालाने तिला सांगितलं नाही.

चारला साहेब येतील. नोंद केली तर टपालाच्या फायलीत हा कागद सगळ्यांत वर जाईल, आणि उद्या कार्यालयाची माहिती बाहेर दिली म्हणून निलंबन, नाहीतर जिल्ह्याच्या पार टोकाला बदली. हात दाखवून अवलक्षण! नोंद केली नाही तर... पर्समध्ये मावेल एवढाच तर कागद, कुणाला कळणार आहे. वरून पुन्हा स्मरणपत्र निघायला आणखी नऊ महिने. पुंजाराम तोवर घरी गेलेला असेल, आळ घेऊन, कागद अडकवून. आणि आलेलं पाणी तपासायचं नाही, आलेला कागद नोंदवायचा नाही, दोन्ही एकच की. तिने रजिस्टर उघडलं, पुढचा क्रमांक घातला, तारीख घातली, आणि पेन थांबलं.

पुंजाराम टपालाची फाइल न्यायला आला होता. अजून झाली नाही म्हटल्यावर बाकावर टेकला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दिवाळीपासून पहिल्यांदा तिने विचारलं, ‘‘मामा, सेवापुस्तकाचं काय झालं?’’

‘‘काय होतंय. सही न्हाई.’’

‘‘तुम्ही साहेबांना सांगितलं का, की तो अर्ज तुमचा नाही म्हणून?’’ आवाज आपला वाटत नव्हता. आता सांगायचं, याच्या पुढच्याच वाक्याला.

‘‘पहिले लई म्हणलो ताई. कोणी ऐकून घेतलं न्हाई.’’ तो टोपीची घडी नीट करत राहिला. ‘‘मंग त्या वस्तीवरची मीना आल्ती घरी. तिच्या पोरीला कावीळ झालती, मरता मरता राह्यली. विहीर उपसून औषध टाकलं न्हाई का दिवाळीनंतर, तर म्हणली, मामा, तुमच्यामुळं झालं. नारळ देला, पाया पडली. सगळी आळी बघून राह्यली. आता न्हाई म्हणायला तोंड होईना.’’

मग जरा लाजून म्हणाला, ‘‘आता कोणी इचारलं तर मी गपच बसतो. सही न्हाई तर न्हाई.’’

विहीर उपसली. दैवशालाला हे ठाऊकच नव्हतं. कुणी कागद पाठवला नव्हता आणि जे कागदावर येत नाही ते तिच्या टेबलापर्यंत येत नाही. पोर वाचली. तिला आनंद व्हायला हवा होता, निदान याची कीव तरी यायला हवी होती, दिवाळीपासून येतच होती की, डब्याबरोबर खायची सवयच लागली होती. आणि आता, या वेळी, या म्हाताऱ्यापुढे, ज्याची पेन्शन आपल्यापायी अडली आहे त्याच्यापुढे तिच्या मनात आलं ते असं — तो नारळ माझा होता.

छे, काय हे. पण ते खोटं नव्हतं. नऊ महिने पोटात बसलेली भीती कुठे बाजूला सरकली कळलं नाही, आणि तिच्या जागी हे हावरं, पोरकट काहीतरी येऊन बसलं. आपण जे लपवलं ते याने नुसतं ‘नाही’ म्हणायचं थांबवून अंगावर घेतलं आणि मिरवलं, आणि त्याला ते शोभलंही. खरं सांगून त्याची सही मिळवून द्यायची म्हणजे त्याच्याकडून ते काढूनही घ्यायचं. आणि काढून घ्यावंसं वाटत होतं. त्याच्या भल्यासाठी नव्हे.

‘‘झाली का फाइल, ताई?’’

‘‘थांबा थोडं, मामा.’’

पेन कागदावर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका पसरत होता. कुठल्या तरी वस्तीवर मीना नावाची एक बाई आहे, तिची पोर अंगणात खेळत असेल, आणि त्या बाईला दैवशाला हे नाव माहीत नाही. ते माहीत असायला हवं होतं. एवढंच वाटलं, पण इतकं जोरात वाटलं की तिची तिलाच लाज वाटली; आणि लाज वाटूनही ते गेलं नाही.