चिकाची चरवी

मी चरवी बोलतेय. मटका नव्हे, फ्लॉवरपॉट नव्हे, आणि परवा एक चिरंजीव मित्राला सांगत होते तशी 'आजीबाईंची वॉटर बॉटल' तर मुळीच नव्हे. दूध काढायची पितळी चरवी आहे मी. तांबट आळीत ठोके खाऊन घडले, त्यामुळे जरा फटकळ आहे, चालवून घ्या.

वारज्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून 'सायीचा कट्टा' नावाचं हॉटेल आहे. म्हणजे, कॅफे म्हणायचं असतं. तिथल्या खिळ्याला मला टांगलं होतं. शेजारी रंगरावांची सायकल. तिला दुधाचे कॅन अडकवून ते रोज पेठांत रतीब घालायला जायचे. रंगराव माझे पहिले धनी. नवं लग्न झालं तेव्हा त्यांनी मला आणलं आणि बायडाबाईंच्या हातात दिलं. त्या हातांचं काय सांगू! पहिली धार माझ्या तळाशी वाजली की गोठ्यातल्या बाकीच्या म्हशी कान टवकारायच्या.

तेव्हा गावात घरटी म्हशी होत्या आणि एक रीत होती. म्हैस व्याली की पहिला चीक रेडकाला. ते पोटभर प्यायलं की उरलेला आळीत वाटायचा, विकायचा नाही. तो घेऊन मी शेजारीपाजारी जायचे. आणि चिकाचं भांडं कुणी रिकामं परत देत नसे. कधी मूठभर तांदूळ, कधी गुळाचा खडा, एकदा तर शेजारच्या सुशीलाबाईंकडून हिरव्या बांगड्या आल्या. जातानाही भरलेली, येतानाही भरलेली. असा मान कुणाला मिळतो हो?

मग पिशवीतलं दूध आलं. चराईच्या जागेवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, म्हशी एकेक करून गेल्या. रंगरावही गेले. बायडाबाईंनी हट्टानं एक चंद्री तेवढी ठेवली, पण घरात स्टीलची बादली आली आणि मी माळ्यावर पडले. माझ्यात गंजके खिळे ठेवले होते. राग यायचा, पण सांगायचं कुणाला?

मला खाली काढलं ते अक्षतानं. ही बायडाबाईंची सून, संपतची बायको. आयटीतली नोकरी सोडून तिनं सासरच्या गावात दूध-ताकाचं हे हॉटेल काढलं. चिंचेनं घासून मला लखलखीत केलं, आतून कल्हई करून घेतली. बायडाबाई दारातल्या खुर्चीत बसून ताक घुसळायच्या आणि आल्यागेल्याला "सायीचं हाय, पाणी न्हाई घातलं" असं बजावायच्या. समोरच्या ऑफिसातली पोरं त्यांच्याशी गप्पा मारायला थांबायची. सगळं कसं छान चाललं होतं.

आणि चंद्री व्यायला झाली. अक्षतानं उत्साहानं फळ्यावर लिहिलं, 'लवकरच! घरच्या म्हशीचा खरवस', आणि खाली किंमत.

संपतनं ते वाचून दाखवलं मात्र, बायडाबाईंची रवी थांबली.

"चीक इकायचा न्हाई."

"अहो आई, अख्ख्या पुण्यात खरवस विकतात," अक्षता म्हणाली.

"इकू देत. सायकल टांगलीस, चरवी टांगलीस, मी काय बोलले का? आता रीतपण इकाया काढलीस व्हय?"

त्या उठून घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. चंद्रीला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, म्हणजे चीकही अडला. पण चिकाचं सोडा हो! पोरं विचारायची, "काकू कुठंयत?" अक्षता "बरं नाही त्यांना" म्हणायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. माझा जीव तुटायचा. दोघीही माझ्याच, बाजू कुणाची घेऊ?

चंद्री व्याली त्या सकाळी अक्षतानं फळा पुसला. मला खिळ्यावरून काढलं आणि थेट गोठ्यात गेली.

"आई, रेडकू प्यालं का?"

"प्यालं."

"मग यात काढा. वाटायचाय. कुणाकुणाला द्यायचा, तेवढं सांगा."

बायडाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आळी कुठं ऱ्हायलीया आता," असं पुटपुटल्या, पण हात धुतले. कितीतरी वर्षांनी माझ्या तळाशी धार वाजली. खरं सांगते, मला भरून आलं.

खरवस झाला, बायडाबाई पुन्हा हॉटेलाच्या दारातल्या खुर्चीत येऊन बसल्या. आळी नव्हतीच, म्हणून खुर्चीपाशी थांबणाऱ्या त्या पोरांनाच वाटायचं ठरलं. निकिता नावाची वर्ध्याकडची मुलगी रोज ताक प्यायला यायची. तिच्या ऑफिसातल्या सगळ्यांसाठी माझ्यात वड्या भरून दिल्या आणि ती मला घेऊन वर गेली. लिफ्टमधून, बरं का!

तिथं बघता बघता माझा तळ दिसला. कुणीतरी लिंबाच्या वासाच्या साबणानं धुवून मला पालथं घातलं. या पोरांना काय माहीत रीत? मी रिकामी परत गेले तर बायडाबाईंना काय वाटेल? मोठ्या मुश्किलीनं परत आलेल्या त्या, पुन्हा रुसून घरी बसल्या तर?

संध्याकाळी निकिता मला घेऊन आली. बायडाबाई खुर्चीतच होत्या. मला हातात घेऊन आधी आत डोकावल्या.

आत साखर होती. ऑफिसात चहाबरोबर देतात ना, त्या कागदाच्या इवल्याशा पुड्या, मूठभर.

"काकू, आईला फोन केला होता. ती म्हणाली, भांडं रिकामं देऊ नकोस," निकिता ओशाळून म्हणाली. "पण ऑफिसात दुसरं काही मिळालंच नाही."

बायडाबाई हसल्या. एक पुडी फोडून त्यांनी साखर सुनेच्या तळहातावर ओतली. "घे, तोंड गोड कर," म्हणाल्या. "आळी हाय की गं अजून."

आता मी खिळ्यावर फारशी नसते. चंद्रीचं दूध माझ्यातच काढतात. खरवस मात्र या हॉटेलात आजही विकत मिळत नाही. म्हैस व्याली की नुसताच मिळतो. तुमची पाळी आली तर मला खुशाल न्या, फोटोही काढा. फक्त मटका म्हणू नका, आणि परत आणताना आत काहीतरी असू द्या. पुडीभर साखर चालेल.