लंगडी कालवड

"थांब. पुन्हा चाल सरळ केलीस," म्हणत हार्लने फिडलवरचा गज उचलला.

गज थांबला तरी व्हर्नीचा हात बँजोवर थोडा पुढे गेलाच. ठण् टिकटी, ठण् टिकटी. नख वरून तारेवर मारायचं आणि मागोमाग अंगठ्याने आखूड तार छेडायची, लग्नाआधीपासून तिचा हात एवढंच करत आला होता. नाचणाऱ्यांना तो ठेका आवडायचा. डोळे मिटून पाय टाकावेत इतका तो भरवशाचा होता.

"मी काय मुद्दाम करते?"

"मुद्दाम करत असतीस तर भांडून सोडवलं असतं. तुझा हात म्हणजे काकवीच्या घाण्याचं खेचर झालाय. घाणा उचलून नेला तरी ते गोलच फिरणार."

व्हर्नीला हसूही आलं आणि रागही आला. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींच्या घड्या घालून ती थोरल्या भावाच्या ओसरीवर आली होती, ती काही खेचर म्हणवून घ्यायला नव्हे. पण बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

चाल त्यांच्या वडिलांची होती. नाव 'लंगडी कालवड'. दुसऱ्या भागाच्या शेवटी ती ठेक्यापेक्षा एक पाऊल जास्तीचं टाकते, तिथे जरा अडखळते आणि मग पुढे जाते. सगळी गंमत त्या अडखळण्यात. व्हर्नी तिथे पोचली की तिचा हात ती फट बुजवून टाकायचा, आणि कालवड धट्टीकट्टी होऊन उधळायची. वडील गेल्यावर या डोंगरात ती चाल हार्लखेरीज कुणाच्याच हातात उरली नव्हती, आणि हार्लच्या बोटांची पेरं आता अक्रोडासारखी सुजली होती.

"शनिवारचा नाच झाला की मी फिडल खुंटीला टांगणार," तो म्हणाला. "त्या दिवशी कालवड वाजवली तर लंगडीच वाजवीन. ते जमणार नसेल तर नकोच. डॅडींची चाल सरळसोट करून लोकांना ऐकवायची, त्यापेक्षा माझ्याबरोबर पुरलेली बरी."

"पुरायच्या गोष्टी नंतर कर. बीन्स निवताहेत," व्हर्नी म्हणाली. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

शनिवारी बंबखान्याचा हॉल भरून गेला. आगीचा बंब बाहेर अंगणात काढून ठेवला होता आणि त्याच्या जागी बाकं, बीन्सचं पातेलं, मक्याच्या पावाचे तवे. व्हर्नी तारा जुळवत होती. शेजारी गिटारवाला ओडेल तोंडात घास ठेवूनच गप्पा मारत होता. तेवढ्यात तिचं लक्ष हार्लकडे गेलं. फिडलच्या पेटीची कडी त्याला उघडता येत नव्हती, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो पाठ करून उभा होता.

"दे इकडे," म्हणत तिने कडीखाली नख घातलं आणि जोर लावला. कडी उघडली, पण नख पार मुळाशी तुटलं.

भांडी घासताना हातमोजा घालून, गोंदाचे थर चढवून जपलेलं ते उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख. तेच गेल्यावर बँजो कशाने वाजवणार? व्हर्नी तुटलेलं नख हातात धरून बाकावर बसली.

"लग्नातली अंगठी ओढ्यात पडली तेव्हासुद्धा तू इतकी पांढरी पडली नव्हतीस," ओडेल म्हणाला.

"तेव्हा नाचायला एवढे लोक जमले नव्हते."

"मधलं बोट आहे की," हार्ल म्हणाला.

"त्याला काही येत नाही, हार्ल."

"मग झकास. गोल फिरणंही येत नसेल."

पहिल्या दोन चालींत तिची पुरती फजिती झाली. मधलं बोट भलत्याच तारेवर पडायचं, ठेका सुटायचा. इथली रीत अशी की फिडलवाल्याने पाय उचलला की ती शेवटची फेरी. तो पाय उचलेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं नाही. हार्लने दोन्ही वेळा पाय लवकर उचलला. बहिणीची दया येऊन उचलला, हे तिला कळलं.

मग तो तिच्याकडे झुकला. "कालवड."

"हार्ल, नको."

त्याने गज टेकवलासुद्धा.

व्हर्नीला घाबरायलाही सवड मिळाली नाही. बोटाचा भरवसा नव्हता, म्हणून अंगठा आखूड तार सोडून खाली उतरला आणि मधल्या तारांवरचे सूर शोधू लागला. एरवी ती ठोक्यांनी जिथे भरगच्च शिवण घालायची तिथे आता मोकळी जागा पडत होती, आणि त्या जागेतून तिला पहिल्यांदाच फिडल नीट ऐकू येत होतं. दुसरा भाग आला. ती जागा आली. हाताशी भरायला काही नव्हतं, म्हणून हात थांबला. कालवडीने जास्तीचं पाऊल टाकलं, अडखळली आणि पुढे गेली.

ओडेल घास गिळून ओरडला, "अगं, लंगडली!" लाकडी फळीवर पाय आपटत नाचणारी म्हातारी आयव्ही, जिने व्हर्नीच्या वडिलांच्या वाजवण्यावर पाय आपटले होते, ती त्या जागी गुडघा उचलून नेमकी थबकली आणि खदखदून हसली. पुढच्या फेरीत अंगठ्याला आणखी एक वाट सापडली, त्यापुढच्या फेरीत आणखी एक. इतकी वर्षं हे सगळं याच पाच तारांत पडून होतं. व्हर्नीला एकाच वेळी रडावंसं आणि नाचावंसं वाटत होतं.

हार्लचा सूर हलू लागला तो त्यानंतर. आधी एक सुटला, मग दोन. तिने मान वळवली तेव्हा त्याने गज तारांवरून उचलला होता. सुजलेली बोटं त्याने हळूच मिटली आणि फिडल मांडीवर आडवं ठेवलं.

व्हर्नीने त्याच्या पायाकडे पाहिलं. तो जमिनीवरच होता, ठेका धरून. दुसऱ्या भागाच्या शेवटी टाच क्षणभर थबकली, पुन्हा पडली, पण पाय काही त्याने उचलला नाही.

व्हर्नी वाजवत राहिली.