अडचण म्हणायचं नाही

विनिता आचोळ्याच्या दवाखान्यातून परत आली तेव्हा तिच्या पिशवीत पित्ताच्या गोळ्या होत्या, आणि तोंड असं उतरलं होतं की विलासने चहा स्वतःच टाकला. विलास म्हणजे तिचा नवरा. बावीस वर्षांच्या संसारात त्याने चहा टाकल्याचे प्रसंग बोटांवर मोजावेत इतके, तेव्हा मामला काय असेल ते समजा. झालं होतं असं, की तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, काय अडचण आहे? विनिता म्हणाली, अडचण तर चार महिने नाही. डॉक्टरने मान वर करून विचारलं, मग आलात कशाला? बाहेर तीसचाळीस माणसं खोळंबलेली, शेजारी विलास उभा. आमच्या वसईकडच्या निर्मळ गावच्या वाड्यांमध्ये बायका पाळीलाच अडचण म्हणतात, हे त्या मुलाला कुणी सांगायचं? विनिताने छातीत धडधडतं एवढंच पुटपुटलं. त्याने जे ऐकलं त्याचं औषध दिलं, त्याला तरी काय बोलणार.

विनिता सत्तेचाळीस वर्षांची. घरची सोनचाफ्याची वाडी, आणि खरं सांगायचं तर वाडी म्हणजे विनिताच. उजाडायच्या आत फुलं काढायची, दहा-दहाचे पुडे बांधायचे, स्कूटरच्या पुढ्यात पिशवी लावायची आणि आठच्या आत सगळी गिऱ्हाइकं उरकून परत. विलासची नोकरी मुंबईत, त्याला फांदी कुठून छाटायची हेही धड ठाऊक नाही. पण गेल्या वर्षापासून या बाईचं काहीतरी बिनसलं. पाळी महिन्यात दोनदा येई, नाहीतर तीन-चार महिने पत्ता नसे. बसल्या जागी मानेतून भडका उठे आणि पोलकं पाठीला चिकटे. झोपेचं तर नाव नको. आणि परवा, जिच्या दारात अकरा वर्षं फुलं देते, त्या बाईचं नावच तिला आठवेना. घरी येऊन तिने भाजीत मीठ जास्त झालं म्हणणाऱ्या विलाससमोर ताट आपटलं, आणि मग न्हाणीत जाऊन नळ सोडून रडली.

ती रडली ते मिठासाठी नव्हे. आपलं रखमाबाई मावशीसारखं होणार, या भीतीने तिचा जीव टांगणीला लागला होता.

रखमाबाई ही विनिताच्या आईची बहीण, निर्मळलाच दिलेली, आता शहात्तरची. तीस वर्षांपूर्वी, ऐन सेहेचाळिशीत, ती थंडीच्या दिवसांत बावखलात पाय सोडून बसायला लागली. बावखल म्हणजे वाडीतलं तळं, झाडांना पाणी द्यायला राखलेलं. चुलीवर भात टाकून ही बाई उठायची आणि तिथे जाऊन गुडघाभर पाण्यात बसायची, कुणी उठवायला गेलं तर अंगावर धावायची. झालं, गावाने ठरवून टाकलं की हिचं डोकं फिरलं. भगत आला, अंगारे झाले, लिंबं कापून झाली. तिच्या मुलीचं, नेत्राचं, लग्न उभं राहिलं तेव्हा रखमाबाईला मागच्या खोलीत बसवलं आणि कन्यादान चुलता-चुलतीने केलं. सतरा वर्षांची विनिता पाहुणी म्हणून आलेली, तिला त्या दाराशी राखण दिली होती. आतून मावशीने एकदाच विचारलं, मंगलाष्टकं संपली का गं? विनिताने उत्तर दिलं नाही. त्या गोष्टीची लाज तिला अजून वाटते.

आणि गेल्या आठवड्यात पाणी सोडायला म्हणून ती स्वतःच्या बावखलाशी गेली, अंगात भडका उठला, चपला कधी काढल्या कळलं नाही आणि पाय पाण्यात. इतकं बरं वाटलं की तिला मावशीच आठवली. तिथेच तिने ठरवलं, की कुणी आपल्याला खोलीत बसवायच्या आधी आपणच विलासच्या हातात स्कूटरची किल्ली द्यायची आणि वाडी दुसऱ्या कुणाला तरी करायला द्यायची. आचोळ्याची फेरी ही तिची शेवटची आशा होती. तीही पित्ताच्या गोळ्यांवर संपली.

दुसऱ्या दिवशी ती मावशीकडे गेली. मावशी ओट्यावर वाल सोलत होती. विनिताने आडवळण घेतलं नाही. शेजारी बसली, वाल पुढ्यात ओढले आणि विचारलं, मावशी, वेड लागायच्या आधी काय काय होतं गं?

दुसरी कुणी असती तर सुपासकट उठून गेली असती. रखमाबाईने आधी भाचीचं सगळं ऐकून घेतलं, घाम, धडधड, विसर, बावखल, सगळं. मग स्वतःचं सांगायला लागली. दोन-अडीच वर्षांनी तिचं ते सगळं आपसूक थांबलं होतं. बरी झालीस का म्हणून कुणी विचारलं नाही, चुकलं आमचं असंही कुणी म्हणालं नाही. पण ही बाई मोठी खमकी. आपल्याला झालं ते नेमकं काय होतं, हे तिच्या डोक्यातून गेलं नाही. लग्नात, बारशात, तगर गुंफताना, त्या वयाची बाई दिसली की ती हळूच जवळ सरकायची आणि विचारायची. तीस वर्षं विचारत राहिली. कुणी हातपंख्याशिवाय जेवू शकत नव्हती, कुणी विनाकारण रडत होती. शेजारच्या डायनाला चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना चालू असताना असा घाम फुटला होता की लोकांना वाटलं ती चक्कर येऊन पडतेय. अशा सतरा बायका मावशीला तोंडपाठ होत्या, नावानिशी आणि वयानिशी.

"वेड काय सतरा जणींना एकाच वयात लागतं?" मावशी म्हणाली.

विनिताच्या हातातला वाल हातातच राहिला. चौथी शिकलेली बाई, जिला सगळ्यांनी मोडीत काढलं, तिने एकटीने हा छडा लावला होता. विनिताला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण मावशीला असलं काही खपत नाही. तिने फक्त विचारलं, मग डॉक्टरला कसं सांगू?

तालीम करायची, मावशीने सांगितलं. ती आत जाऊन नेत्राच्या शाळेच्या दिवसांतली उरलेली एक वही घेऊन आली, चष्मा नाकावर ठेवला, एकुलत्या एका खुर्चीत ताठ बसली आणि स्वतःच डॉक्टर झाली. बोला बाई, काय होतंय? विनिता म्हणाली, अडचण येत नाही. कसली अडचण, मावशीने विचारलं, पैशाची का दळणाची? विनिताला हसू फुटलं, पण मावशी हसली नाही. अडचण म्हणायचं नाही, पाळी म्हणायचं, तेही मोठ्याने, म्हण बघू. विनिताने तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा फाटकासमोरून जाणाऱ्या शेजारच्या जयरामने सायकल जोरात दामटली.

मग वही भरायला सुरुवात झाली. शेवटची पाळी कोणत्या तारखेची, त्याआधीची कधी, किती दिवस, कापडाच्या किती घड्या बदलाव्या लागल्या. भडका दिवसातून किती वेळा, झोप किती तास, धडधड बसल्यावर होते की चढल्यावर. आईला साखर होती का, थायरॉइड कुणाला आहे. "बरं वाटत नाही" असं लिहायची मावशीने मनाई केली, कारण दवाखान्यात बसलेल्या कुणालाच बरं वाटत नसतं. शेवटी ती म्हणाली, आता जे विचारायला जाते आहेस ते लिही. विनिताने बऱ्याच वेळाने, बारीक अक्षरात लिहिलं: मला वेड लागतंय का?

डायना वसईला ज्या डॉक्टरीणबाईंकडे जायची त्यांचं नाव क्षितिजा. शनिवारची वेळ मिळाली. विनिता रिक्षा बघायला लागली तर मावशीने पदर खोचला आणि स्कूटरवर मागे बसली. भाची म्हणाली, वाटेत मला काही झालं तर? मावशी म्हणाली, झालं तर बाजूला घेशील, एवढी अक्कल तुला आहे.

डॉक्टर क्षितिजांनी विचारलं, काय अडचण आहे? विनिताने एक क्षण मावशीकडे पाहिलं आणि वही उघडली. पाळी, तारखा, भडका, झोप, सगळं तिने न अडखळता वाचलं. डॉक्टरांनी मध्ये तोंड घातलं नाही, उलट खुर्ची पुढे ओढली. वाचून झालं आणि विनिताने वही मिटली.

"शेवटची ओळ राहिली," मावशी म्हणाली.

विनिताने वही पुन्हा उघडली. ती ओळही वाचली.

डॉक्टर म्हणाल्या, नाही, वेड लागत नाहीये. पाळी कायमची जाण्याआधीची ही काही वर्षं असतात, पेरीमेनोपॉज म्हणतात त्याला. आतलं संप्रेरकांचं प्रमाण वरखाली होतं, त्यातून घाम, जाग, धडधड, चिडचिड, विसर, सगळं येऊ शकतं. तरी धडधडीसाठी हृदयाचा आलेख काढू, रक्त आणि थायरॉइड तपासू, मधल्या जास्त रक्तस्रावासाठी सोनोग्राफी करू. उपाय आहेत, गोळ्याही आहेत, तुम्हाला काय चालेल ते अहवाल बघून दोघी मिळून ठरवू. आणि वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, असं लिहून आणणारी बाई मला महिन्यातून एखादीच भेटते. विनिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. यावेळी तिने ते लपवलं नाही.

मावशी उठली नाही. तिने पदर सारखा केला आणि तीस वर्षांपूर्वीच्या एका बाईची हकिकत सांगितली, बावखलासकट, मागच्या खोलीसकट. मग विचारलं, ती बाई वेडी होती का?

"मी तेव्हा तुम्हाला तपासलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुम्ही सांगताय त्यावरून बहुतेक हेच होतं. वेड नव्हे."

"बहुतेक चालेल. तेवढं कागदावर लिहून द्या."

डॉक्टरांनी कागद ओढला, बहुतेकसकट दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

बाहेर बाकावर बसून मावशीने अक्षर अन् अक्षर लावून तो कागद दोनदा वाचला. विनिताला वाटलं, आता ही गावभर दाखवणार. ती हळूच म्हणाली, मावशी, ज्यांनी तुला वेडी ठरवलं त्यातलं आता कोण उरलंय?

"गावाला काय करायचंय? नेत्राला फोन लाव."

नेत्रा पुण्याला असते, नुकतंच एकोणपन्नासावं लागलं. सहा महिने झाले, फोनवर धड बोलत नाही. झोप नाही म्हणते, आणि काय होतंय विचारलं की फोन ठेवते. विनिताला एकदम उमगलं, आपण ज्या भीतीने वाडी सोडायला निघालो होतो तीच भीती तिकडे नेत्रा एकटी घेऊन बसली असेल. आईसारखं होण्याची.

फोन लागला. मावशीने कागद डोळ्यांसमोर धरला होता, पण वाचला नाही.

"नेत्रा, ऐक. मी वेडी नव्हते. डॉक्टरने लिहून दिलंय. तूही नाहीस."

पलीकडून रडणं ऐकू आलं, लहान मुलीसारखं, मोकळं. मावशीने ते पुरतं होऊ दिलं. स्वतःचे डोळे तिने मनगटाने पुसले आणि विनिताला खुणेने वहीचं कोरं पान काढायला सांगितलं. बाकावरची माणसं वळून बघत होती, बघेनात का.

"हं, आता सांग," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "शेवटची पाळी कधी आली होती?"